आयुष्याचे घडे

पूर्वी सोमावती नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अश्वशाळेत पांढऱ्या घोड्याच्या रूपाने जन्मले होते. त्या घोड्याला माणसाची वाचा होती, पण तो क्वचितच बोले. सुलक्षणा राणीचा त्याच्यावर फार जीव. नवी नवरी म्हणून ती त्याच्याच पाठीवरून या नगरात आली होती.

पुष्कळ वर्षांनी राणीला मुलगा झाला. पुरोहिताने सांगितले, "बाळ वर्षाचे होईपर्यंत प्रत्येक दाराशी पाण्याने भरलेला घडा ठेवा. पाणी आटले तर वरून घाला, पण घडा रिता करू नका. घडा सांडला की बाळाचे आयुष्य सांडले." लोकांनी हौसेने घडे मांडले. राजवाड्याच्या दाराशी तर रांजणच आले. पावसाळा सरता सरता त्या पाण्यात बारीक किडे वळवळू लागले. राणीने ते पाहिले, आणि वर फुले पसरून टाकली.

मग कावळे मरू लागले. झाडावरून पटापट खाली पडत. पुढे घोडे झोकांड्या खाऊ लागले आणि त्यांच्यामागून माणसे तापाने फणफणली. असा ताप कुणाच्या आजोबांनीही पाहिला नव्हता. राजवैद्य म्हणाला, "आधी घोडे पडले, मग माणसे. रोग घोड्यांनीच आणला." कावळे त्याच्या हिशेबातच नव्हते. राजाने सगळे घोडे मारण्याची आज्ञा दिली.

राणी धावत अश्वशाळेत गेली. पांढरा घोडा म्हणाला, "देवी, आम्ही हा ताप माणसाला देत नाही. तुमच्या घड्यांत डास होतात. ते आजारी पाखरांना चावतात, मग आम्हाला आणि तुम्हाला. आज त्यांतले कितीतरी आमच्याच अंगावर पोट भरतात. आम्ही नसलो की ते पाळण्याकडे वळतील. आम्हाला वाचवता आले नाही तरी चालेल, पण घडे रिते करा."

"आणि माझ्या बाळाचं आयुष्य?"

"ते घड्यात नाही, देवी."

राणीला ते पटले. ती तशीच दरबारात गेली. पुरोहित, वैद्य आणि राजा, तिघेही तिच्याकडे पाहत होते.

"काही म्हणायचं आहे?" राजाने विचारले.

घोडा चुकला असला तर? पोटच्या पोराच्या जिवाशी खेळ कोण करील? "काही नाही," ती म्हणाली आणि मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी घोड्यांना वधासाठी राजवाड्यावरून नेत असताना पांढऱ्या घोड्याने दावे तोडले. समोर वेस सताड उघडी होती. तो तिकडे गेला नाही. दाराशी येऊन त्याने लाथांनी एकेक रांजण फोडला. किडे मातीत पडून तडफडले.

"माझ्या मुलाचं आयुष्य सांडलं यानं!" राजा किंचाळला. सैनिकांनी भाले चालवले. मरताना घोड्याने दारात उभ्या असलेल्या राणीकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

त्याच संध्याकाळी दाराशी नवे रांजण आले, काठोकाठ भरले गेले. अश्वशाळा ओस पडली होती. डास पाळण्याकडे वळले. बाळाला ताप चढला, मान ताठ झाली, आणि ते गेले.

"त्या घोड्यानं घात केला," राजा म्हणाला. पुरोहितही तेच म्हणाला, सगळे नगर तेच म्हणाले. राणीने मात्र बाहेर येऊन आपल्या हातांनी सगळे रांजण उपडे केले. आता तिला कुणी अडवले नाही. ज्याच्यासाठी ते भरले होते तोच उरला नव्हता.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, विहारातले रांजण उपडे करून घासणारी ही उपासिका नंदिला म्हणजे तेव्हाची राणी. पाणी वाया घालवते म्हणून सकाळी तिच्यावर ओरडलेला भिक्षू म्हणजे तेव्हाचा राजा. पांढरा घोडा मीच होतो. वेस उघडी असताना ज्यांनी मारायला नेले त्यांच्याच दाराशी परत येणे, हीच करुणा."

तो भिक्षू खाली मान घालून बसला. नंदिला मात्र उठली आणि दाराशी राहिलेला रांजण उपडा करायला गेली.