खारा पाव, खारं चीज

एका डोंगरावर एक गाव होतं आणि त्या गावाला सारखी तहान लागायची.

गावात पाव भाजणारे होते, चीज करणारे मेंढपाळ होते, आणि कोणत्या पावाबरोबर कोणतं चीज खायचं हे ठरवणारे थोरले होते. नाचणीच्या काळ्या पावाबरोबर मऊ, ताजं, बिनमिठाचं चीज. अंजिराच्या गोड पावाबरोबर उग्र वासाचं. गव्हाच्या गोल पावाबरोबर मेंढीच्या दुधाचं, मुरलेलं, खारं. जोडी मोडायची नाही. का, असं कोणी विचारलंच तर थोरले म्हणत, "आमच्या आज्याला विचार." आजा केव्हाच मेलेला.

कारण तसं साधं होतं. जोडी ठरली तेव्हा डोंगरावर मीठ मिळायचं ते जेमतेम चीज मुरवण्यापुरतं. गोल पाव अळणी असायचा, म्हणून त्याला खारं चीज शोभायचं. पुढे घाटात रस्ता झाला, मिठाच्या गोण्या आल्या आणि पावात मीठ पडू लागलं. अळणी पाव आता कोणालाच नको होता, थोरल्यांना तर मुळीच नको. पाव बदलला. जोडी मात्र तीच राहिली. सणाच्या दिवशी पोरं खाऱ्यावर खारं खाऊन तळमळायची, विहिरीवर घागरींची मारामारी व्हायची, आणि थोरले पारावर बसून म्हणायचे, "यंदा ऊन फार आहे."

दरवर्षी जत्रेत जोड्यांची परीक्षा व्हायची. थोरले ओळीने बसत, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "वा!" उरलेलं ताट गावाच्या पोरांना. मधे पाणी मागायचं नाही, हा त्यांचाच नियम. पाणी मागितलं तर जोडी फसली. ज्याची जोडी पास, त्यालाच वर्षभर गावच्या भट्टीत पाव भाजता येई. भट्टी एकच होती आणि तिची किल्ली मुख्य थोरल्याच्या कमरेला.

त्या वर्षी गोल पाव एका तरुण पोरीने केला होता. तिने घरी त्याला मऊ, ताजं चीज लावून पाहिलं होतं. तिचा धाकटा भाऊ ते खाऊन पाण्याकडे न जाता थेट खेळायला पळाला होता. तेव्हापासून तिला चैन पडेना. कणीक मळताना ती मधेच थांबायची, दारापर्यंत जायची, परत यायची.

"तोंड बंद ठेव," आई म्हणाली. "त्यांना तुकडा दे, वा म्हणू दे, भट्टी घे. भट्टी गेली तर खायचं काय?"

"आणि पोरांनी हेच खायचं?"

"आम्ही नाही खाल्लं?"

"तेच तर!" पोरगी म्हणाली आणि पावाची टोपली उचलून निघाली.

जत्रेत तिने प्रत्येक थोरल्यापुढे अख्खा गोल पाव आणि खाऱ्या चीजचा मोठा तुकडा ठेवला.

"एवढं कशाला, पोरी?" मुख्य थोरला म्हणाला. "आम्ही चाखतो फक्त."

"आज संपवा, आजोबा. संपवलंत तर मी जन्मभर हीच जोडी करीन. नाही संपलं तर पोरांना वाढू नका."

"अगं, लाज आहे का काही?"

"आहे ना. म्हणून तर तुमच्यासमोर बोलतेय."

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. आता उठून जाणं शक्य नव्हतं. थोरल्यांनी खायला सुरुवात केली. पहिल्या चार घासांपर्यंत "वा" चालू होतं. मग ते थांबलं. एकाचे कान लाल झाले. दुसरा घास गालातच घोळवत बसला, गिळेना आणि थुंकेना. मुख्य थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"ऊन फार आहे का, आजोबा?" मागून एक पोरगं ओरडलं.

शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या थोरल्याने ताट बाजूला सारलं. "पाणी," तो म्हणाला. "पाणी द्या रे. मरायची वेळ आली."

"पोरीने मुद्दाम मीठ जास्त घातलंय!" मुख्य थोरला ओरडला. त्याचा आवाज फाटला.

"आज सकाळी याच पावातले दोन तुम्ही चहात बुडवून खाल्लेत," पोरगी म्हणाली. "आणखी एक घरी नेलात. तेव्हा बरं होतं ना मीठ?"

म्हातारा तांब्याभर पाणी प्यायला. मग शेजारी नाचणीच्या पावासाठी मांडलेल्या ताटातलं मऊ चीज त्याने बोटाने उचललं, आपल्या उरलेल्या पावाला फासलं आणि खाल्लं. सगळं खाल्लं. परत पाणी मागितलं नाही. "इतकी वर्षं," तो पुटपुटला, "इतकी वर्षं आम्ही नुसते चाखत होतो."

सगळं गाव मुख्य थोरल्याकडे बघत उभं राहिलं. कोणी हलेना. त्याने कमरेची भट्टीची किल्ली काढली, आपल्या ताटात टाकली आणि ताट पोरीकडे सरकवलं. "चुकलो" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, "पाणी" हाही नाही. तो ताठ मानेने घरी गेला, दार लावलं आणि अख्खा माठ रिकामा केला. हे त्याच्या बायकोनेच दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगितलं. त्या दिवशी विहिरीवर भांडण नव्हतं.

तात्पर्य: जे ताट स्वतःला संपवता येत नाही, त्याला वा म्हणून ते पोरांपुढे सरकवू नये.