फटीपलीकडचे देश

त्या राज्यात बायकांना जग एका फटीएवढं दिसत असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

राज्य धनेश पक्ष्यांचं होतं. त्यांच्या चोची मोठ्या, आणि चालीरीती चोचींपेक्षा मोठ्या. हंगाम आला की मादीनं झाडाच्या ढोलीत शिरायचं, नरानं चिखल आणून द्यायचा, आणि मादीनं तो आतून लिंपून ढोलीचं तोंड बंद करायचं. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवायची. मग कित्येक महिने नर रानोमाळ हिंडून फळं आणी आणि फटीतून आत देई. आत बसल्या बसल्या मादीचे पंख गळत. पिल्लं मोठी होत, नवे पंख येत, तेव्हा ती भिंत फोडून बाहेर येई. पुढचा हंगाम येईपर्यंत ते कोवळे पंख तिला आसपासच्या झाडांपलीकडं नेत नसत.

पिल्लं होण्याचं वय सरलं तरी ही चाल सुटत नसे. अंडी नसलेल्या म्हाताऱ्याही आत बसत. का म्हणून विचारलं तर म्हणत, "बाहेर राहून करायचंय काय?" भिंत बाई स्वतःच्या चोचीनं लिंपते, याचा त्या राज्याला फार अभिमान होता.

तिथं गिरजा नावाची एक म्हातारी धनेशी होती. फळ चोचीत आलं की ते गिळण्याआधी तिला प्रश्न पडत. हे झाड कुठल्या उतारावर असेल? त्याच्या सावलीला कोण बसत असेल? तिथलं ऊन इथल्यासारखंच पिवळं असतं की आणखी कसलं? तिचा नवरा रानबा भला होता. तिला खाऊ घालताना दर हंगामात तो वाळून काटकी होई. पण उत्तरं देण्याच्या कामाचा नव्हता.

"डोंगरापलीकडची नदी कशी आहे हो?"

"काठाला उंबर आहे. मोठा आहे."

"मी नदी विचारली."

रानबानं आठवून पाहिलं. "ओली आहे," तो म्हणाला.

गेल्या हंगामात गिरजेचे पंख फार उशिरा आले. सगळ्या बायका बाहेर पडल्या, तरी ती एकटी आतच होती. आले तेही विरळ आले. पुन्हा आत बसले आणि हे गळाले, तर आता परत येणार नाहीत, हे तिचं तिला कळलं. म्हणून चिखलाचे दिवस जवळ आले तसं तिनं नवऱ्याला सांगितलं, "यंदा चिखल आणू नका. आपण दोघं निघू. पलीकडं जेवढे देश आहेत तेवढे बघू. महिने लागतील. लागू देत."

"अगं, मी सगळं हिंडलोय. तुला काय हवं ते सांग, आणून देतो."

"डोंगर आणा."

रानबानं चोच फांदीला पुसली.

"आणा ना. एवढी मोठी चोच आहे तुमची."

बातमी पसरली. गिरजेची थोरली जाऊ गोदा आपल्या ढोलीच्या तोंडाशी बसूनच बोलली, "या वयात कसली हौस म्हणायची ही? लोक हसतील. म्हणतील, म्हातारीला पंख फुटले."

"फुटले नाहीत, जाऊबाई. आहेत तेवढे वाचवतेय."

रानबा शेवटी कबूल झाला, आणि एकदा कबूल झाल्यावर जोरात तयारीला लागला. उंचावरून फिरणाऱ्या घारींना त्यानं वाटा विचारल्या. धुक्याचा देश आधी, मग वाळूचा, मग खाऱ्या पाण्याचा, असा क्रम लावला. कुठल्या देशात कुणाच्या ओळखीनं उतरायचं तेही पक्कं केलं. मोठ्या उत्साहानं तो सांगू लागला, "आणि प्रत्येक देशात तुझ्यासाठी एकेक ढोली हेरून ठेवतो. म्हणजे तुला त्रास नको."

"ढोलीत बसून मी काय बघू?"

"मी बघून येऊन सांगेन की."

"काय सांगाल? ओलं होतं म्हणून?"

मग तिनं तिचा बेत सांगितला. तो एवढासाच होता. गोड लागेल तिथं थांबायचं, कडू लागेल तिथून उठायचं, आणि उद्याचं उद्या बघायचं. रानबाला हा बेत वाटेचना. पण ती ऐकणारी नव्हती. एका सकाळी जाऊबाईंच्या देखत ती उडाली, आणि रानबाला तिच्या मागून जावं लागलं. आजवर तो कुणाच्या मागून गेला नव्हता.

पहिला लागला तो धुक्याचा देश. तिथं गार वारा सुटला होता आणि समोरचं झाड दिसत नव्हतं. एका झाडाला ढोली होती. रानबा म्हणाला, "जरा टेक. उजाडलं की बघू." गिरजा टेकली. तो फळं शोधायला गेला. येताना त्यानं फळ आणलं, आणि सवयीनं चिखलही आणला. तिनं फळ घेतलं, आणि सवयीनं चिखलही घेतला. वारा आत येत होता, म्हणून तिनं एका कडेला थोडा लिंपला. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या कडेला. धुकं रेंगाळलं, खेपा होत राहिल्या, आणि आत ऊब छान येऊ लागली.

मग एके दिवशी धुकं उठलं. गिरजेनं उत्सुकतेनं मान वर केली. तिला डोंगराची एक उभी चिरफळी दिसली. तिच्या अलीकडं काही नव्हतं, पलीकडं काही नव्हतं. डोंगर एवढाच कसा, म्हणून ती वाकून बघू लागली, तेवढ्यात तिच्या पंखातलं एक लांब पीस सुटलं आणि पायाशी पडलं.

तिनं पिसाकडं पाहिलं. मग भिंतीकडं. लिंपण फार सुरेख झालं होतं, तिच्याच चोचीच्या खुणा त्यावर ओळीनं होत्या.

"अहो!" ती ओरडली. "इकडं या आधी! हे काय चाललंय?"

रानबा फळ घेऊन आला होता. ते त्याच्या चोचीतून पडलं. "मला वाटलं, तुला हवंय."

"मी मागितलं होतं?"

"नाही. पण तू नकोही म्हणाली नाहीस."

ते खरं होतं, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. तिनं आतून पहिला घाव घातला. चिखल वाळून दगड झाला होता. ती दमली, टेकली, पुन्हा उठली. दुसरं पीस सैल झालेलं तिला जाणवत होतं.

भिंतीला बाहेरून नरानं चोच लावणं त्यांच्या राज्यात फार अभद्र समजत. रानबा फांदीवर इकडून तिकडं सरकत राहिला. "हळू गं," तो म्हणाला. "लागेल तुला." मग आतला घाव पडेनासा झाला. त्यानं आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि डोळे मिटून भिंतीवर चोच हाणली.

दुपारी ती दोघं वर उडाली. गिरजा एका अंगाला किंचित कलून उडत होती. खाली अख्खा डोंगर होता. "हा पहा," ती म्हणाली, आणि रानबानं पाहिला. पुढं कुठं जायचं हे त्यानं विचारलं नाही.

त्या देशात ढोलीला भिंत घालायची चाल नव्हती. तिथल्या पाखरांना त्या ढोलीच्या झाडाखाली कसले तरी जाड, बाकदार तुकडे विखुरलेले सापडले, आतल्या अंगाला चोचीच्या खुणा असलेले. ती गोळा झाली. तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. आतून चोच मारून फोडलेली एकच वस्तू त्यांना ठाऊक होती. अजूनही तिथल्या आया आपल्या पिल्लांना त्या झाडाखाली आणतात, ती टरफलं दाखवतात, आणि मग सगळी मिळून आभाळाकडं बघत बसतात, की एवढ्या थोरल्या अंड्यातलं ते पाखरू आता केवढं झालं असेल.