कासिल्दाची बिनअर्काची वाइन

“ज्या वाइनमध्ये कडक अर्क घातलेला नाही, ती वाइनच नव्हे! अशी वाइन दिसेल तिथं ओतून द्यावी!”

स्पेनच्या दक्षिणेला, हेरेसच्या पांढऱ्या खडूमातीच्या टेकड्यांवर ड्यूक फाद्रिकेनं अशी दवंडी पिटवली आणि सगळे द्राक्षवाले निमूटपणे वाइनच्या पिपांत दारूचा अर्क ओतू लागले. तसा त्या मुलखाचा रिवाजच होता. अर्क घातलेली वाइन समुद्रापार गेली तरी नासत नसे, आणि दोन पेल्यांत माणूस आडवा होई.

कासिल्दा नावाच्या बाईनं मात्र ऐकलं नाही. द्राक्षांनी दिली तशी फिकट, गोडी नसलेली कोरडी वाइन तिनं पिपांत भरून ठेवली होती. एकोणीस पिपं. वर्षभराची मेहनत.

शिपाई आले. कासिल्दा एका पिपावर मांडी घालून बसली.

“ऊठ! ही वाइन ओतायचा हुकूम आहे!”

“कोणती वाइन? सरकार तर म्हणतात, ही वाइनच नव्हे. जी वाइनच नव्हे, ती ओतायचा हुकूम कुठाय?”

शिपायांच्या जमादारानं डोकं खाजवलं. शेवटी तो कासिल्दाला आणि तिच्या एका पिपाला घेऊन थेट वाड्यावर गेला.

ड्यूक तेव्हा आपल्या सात पाहुण्यांसोबत बसला होता. हे पाहुणे तीस वर्षांपूर्वी एका बारशाला आले होते, ते अजून परत गेले नव्हते.

“सरकार, ओतूनच टाका!” त्यांतला सर्वांत जाडा, काउंट बेर्मुदो, घाईघाईनं म्हणाला. “हे पाणी आहे, पाणी!”

“ऐकलंस?” ड्यूक गरजला. “माझी वाइन प्यायलो की मला काय काय दिसतं! परवा आमचं गाढव लॅटिन बोलताना पाहिलं. तुझी वाइन काय दाखवणार?”

“सरकारांनी नुसतं सांगावं.”

“असं? मग ऐक! माझ्या वाइननं तीस वर्षांत जे दाखवलं नाही, ते उद्या दुपारी मला दाखव. ते माझ्याच घरातलं असलं पाहिजे आणि रोजचंच असलं पाहिजे. बाहेरून काडीसुद्धा आणायची नाही. जमलं नाही, तर तुझी पिपं गटारात आणि तुझी टेकडी माझी!”

कासिल्दा विचार करतच मागच्या दारानं निघाली. रोज घरात असलेली वस्तू ज्याची त्याला दिसली नाही, असं कधी होतं का?

मागच्या दाराची वाट स्वयंपाकघरातून जात होती. तिथं उर्राका नावाची म्हातारी स्वयंपाकीण बदकाला तेल चोळत होती.

“मावशी, सरकारांना आवडतं तरी काय?”

“सूप!” उर्राका फणकारली. “दुसरं त्यांनी खाल्लंय कुठं? सूप संपलं, दुसरा पेला झाला, की मान टेबलावर! मग घोरणं. मासा, बदक सगळं जातं त्या सात जणांच्या पोटात. तीस वर्षं मी बदक भाजतेय गं, पण सरकारांचा दात लागलेला नाही त्याला!”

कासिल्दा थबकली. मग ती अशी हसली, की उर्राकाच्या हातून बदक निसटलं.

“मावशी, उद्याही रोजचाच स्वयंपाक करा. एक कणही कमीजास्त नको!”

दुसऱ्या दिवशी कासिल्दानं स्वतः ड्यूकचा पेला भरला.

“पातळ आहे!” ड्यूक म्हणाला. “खारट वाऱ्यासारखी लागते!” आणि सुपाबरोबर दुसरा पेलाही प्यायला.

पाहुण्यांनी गळ्यात रुमाल बांधले. सगळ्यांचे डोळे ड्यूकच्या मानेवर. आता पडेल... आता पडेल... मान पडेना! एका पाहुण्यानं तर सवयीनं मिठाचं भांडं ड्यूकच्या टकलावर ठेवलं.

“हे काय चाललंय?” ड्यूक ओरडला.

“म... मीठ, सरकार! रोज... म्हणजे... सहज!”

मासा आला.

“हा कोण?”

“मासा, सरकार,” कासिल्दा म्हणाली.

ड्यूकनं घास घेतला, वाइनचा घोट घेतला आणि डोळे मोठे केले. “अरे! ही वाइन तर माशाशी बोलते! आण आणखी!”

मग बदक आलं. काउंट बेर्मुदोचा हात आपोआप तंगडीकडे गेला.

“हात मागे! माझ्या आधी ताटात हात कोण घालतो?” ड्यूकनं दोन्ही तंगड्या उचलल्या. सात पाहुण्यांचे सात चेहरे उतरले.

शेवटी उर्राका स्वतः एक ताट घेऊन आली. त्यात होती अंड्याच्या बलकाची, साखरेच्या पाकातली, सोन्यासारखी थरथरणारी मिठाई. ड्यूकनं एक चमचा तोंडात घातला आणि बघता बघता सगळं ताट चाटूनपुसून रिकामं केलं.

मग एकदम त्यानं टेबलावर मूठ आपटली. “लबाडी! बाहेरून काही आणायचं नाही असं ठरलं होतं! ही कुठून आणलीस?”

“तुमच्याच चुलीवरून, सरकार. विचारा मावशींना.”

“तीस वर्षं रोज करतेय!” उर्राका म्हणाली.

“रोज? मग मला कधी दिसली कशी नाही?”

“कशी दिसणार?” कासिल्दा म्हणाली. “सरकार, तुमची वाइन तुम्हाला सुपाशीच निजवते. माझ्या वाइननं तुम्हाला तुमच्याच जेवणाचा शेवट दाखवला!”

ड्यूकनं रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग सात गोल पोटांकडे पाहिलं, आणि तो असा खदाखदा हसला की छतावरची कबुतरं उडाली!

“तीस वर्षांची मिठाई!” तो डोळे पुसत म्हणाला. “जमादार, तो हुकूम फाडून टाक! आजपासून माझ्या पंगतीला हिचीच वाइन. हिच्या शेजारची टेकडीही हिलाच दिली!”

“टेकडी मोठी आहे, सरकार,” कासिल्दा नम्रपणे म्हणाली. “द्राक्षं तुडवायला वजनदार माणसं लागतील.”

“घेऊन जा!” ड्यूक म्हणाला. “ही बघ सात!”