मायाक्काची रानशेंग

फार फार जुनी गोष्ट. पावसाने पाठ फिरवलेल्या एका माळावर मेंढपाळांची वस्ती होती. तिथे मायाक्का नावाची बाई राहायची. तिला सावकाश चालणं म्हणून ठाऊक नव्हतं. जाईल तिथे धावतच.

एका उन्हाळ्यात सगळा माळ करपला. मेंढ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. अशात कोरड्या ओढ्याच्या काठाला मायाक्काला एक हिरवंगार झुडूप दिसलं. जांभळी फुलं, टपोऱ्या शेंगा! तिची म्हातारी मेंढी त्याचा पाला मिटक्या मारत खात होती. मायाक्काने काही दिवस मेंढीवर नजर ठेवली. मेंढी ठणठणीत! मग तिने वाळलेल्या शेंगा ओटीत भरल्या आणि धूम ठोकली.

"अवं, चारा गावला! उन्हाला भीत न्हाई ह्यो!"

नवरा बिरा हसला, पण त्याने घरामागची जमीन उकरून दिली. दोघांनी बी पेरलं. उगवलं मात्र काहीच नाही.

"खडं पेरलंस जणू," बिरा म्हणाला.

मायाक्का पुन्हा ओढ्यावर गेली. इथे हे आपलं आपण कसं उगवतं? तिने एक बी चावून पाहिलं. दात कळवळला, बी फुटेना. पायाखाली जाड वाळू होती, गोटे होते. ओढ्याला कधीकाळी लोंढा आला की बी त्यात घासत जात असणार, त्याचं टणक कवच झिजत असणार!

घरी येऊन तिने बियांत वाळू घातली आणि दोन दगडांत ते बी हलकेच चोळलं, चकाकी जाईपर्यंत. मग पाण्यात भिजत घातलं. सकाळी बघते तर काय!

"फुगलं! बी फुगलं!" तिच्या ओरडण्याने सगळी वस्ती गोळा झाली.

पावसाची एक सर आली तेव्हा तिने ते माळाच्या उतारावर पेरलं आणि रोपं वर आली. तिच्या जावेने हौसेने थोडी रोपं उपटून दारात लावली, रोज तांब्याभर पाणी घातलं. ती माना टाकून कुजली. उतारावरची जगली, पण बोटभर वाढली आणि तिथेच थांबली. पावसानेही पुन्हा दगा दिला.

शेवटी वस्तीतले वडीलधारे म्हाळूतात्या म्हणाले, "बास झालं. कळप इकू. खाली नदीकाठाला मजुरी करू."

घोड्यांवर बिऱ्हाडं चढली. मायाक्का उतारावर धावली. एवढी मेहनत, आणि रोप बोटभर! तिने काठीने एका रोपाभोवती उकरलं. मूळ संपेना. तिने आणखी उकरलं. खड्ड्यात मनगट गेलं, कोपर गेलं, तरी मूळ खालीच! अखेर ते हाती आलं, तशी ती धावत सुटली.

"तात्या, थांबा! वर बोटभर हाय, पर खाली बघा, हातभर!"

तात्यांनी मुळाचं टोक गालाला लावलं. ते गार होतं.

"खाली वल हाय," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "बिऱ्हाडं उतरवा रं! कळप न्हाई इकायचा!"

ओढ्याकाठच्या उरलेल्या शेंगा आणल्या आणि त्या दिवशी वस्तीतला प्रत्येक हात बी चोळत होता. पुढची सर येताच सगळा उतार पेरला. काहीजण मेंढ्या घेऊन एका उन्हाळ्यापुरते दूर चरायला गेले, बाकीच्यांनी कोवळी रोपं राखली.

पुढच्या साली पाऊस पुन्हा बेताचाच झाला. पण मेंढ्या परतल्या तेव्हा उतार जांभळ्या फुलांनी भरला होता, मधमाश्या घोंगावत होत्या आणि मायाक्का आनंदाने नाचत होती. ती वस्ती पुन्हा कधी माळ सोडून गेली नाही.

तात्पर्य: मूळ धरणाऱ्याला वेळ द्यावा, त्याची पारख उंचीवरून करू नये.