राईतला साक्षीचा खड्डा

उंबरदऱ्याहून घाटमाळाला जाणारी पायवाट खिंडीकडे चढू लागते, तिथे कळमजाईची राई आहे, देवीच्या नावाने राखलेले रान. राईत शिरताना चपला बाहेर काढायच्या. आत ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन अशी झाडे आहेत आणि भर दुपारीही उन्हाचे चारदोन कवडसेच खाली उतरतात. देवीच्या तांदळ्यापासून, म्हणजे तिच्या शेंदरी दगडापासून, चाळीस पावलांवर जमिनीत एक खड्डा आहे, पुरुषभर आणि वर हातभर खोल. त्याला कठडा नाही, छप्पर नाही. कळकाची शिडी लावलेली असते. खाली उतरलात की एका भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि समोरची भिंत वरून खाली बघत या.

सगळ्यात वर पाला. त्याखाली वीतभर काळी माती. ही मुळ्यांनी विणलेली असते, मुठीत दाबली तर लाडू होतो आणि सोडली तर भुगा. त्याखाली दीड हात तांबडी. ती चिकट असते, पावसाळ्यात तिच्यात बोट घातले तर रंग दोन दिवस नखातून जात नाही. मग मुरूम. मुरमाखाली सडका दगड. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मध्ये टणक गड्डा राहतो. आणि तुमच्या पायांखाली काळा पाषाण, त्यावर पहार मारली तर ठिणगी उडते.

कॉलेजची मुले येतात, वह्यांत चित्रे काढतात. ती सांगतात की हा सगळा डोंगर एकेकाळी आगीचा रस होता, वाहत आला आणि थिजला. आमचे म्हातारेही काही वेगळे सांगत नसत. डोंगर म्हणे इतका तापलेला होता की त्यावर कुणाचा पाय टिकत नव्हता. कळमजाईने त्यावर वर्षाला एक पान टाकले. पान कुजले, दुसरे टाकले, तेही कुजले. त्याची माती झाली तेव्हा कुठे पहिले झाड उभे राहिले. वर्षाला एक पान, आणि काळी तर वीतभर आहे. किती वर्षे लागली असतील त्याचा हिशेब आमच्याकडे कुणी केलेला नाही.

हा खड्डा मात्र देवीचा नाही. तो एका धाकट्या भावाने खणला.

फार पूर्वी, असे सांगतात, राईची राखण उंबरदऱ्याच्या ढवळ्याकडे होती. त्याला धाकटा भाऊ एकच, लुमा. आईबाप लवकर गेले, तेव्हा ढवळ्याने लुमाला खांद्यावर बसवून वाढवले. ढवळा कमी बोलायचा. लुमा आधी करायचा आणि मग विचारायचा.

खिंडीपलीकडे घाटमाळ. तिथला पाटील खेत्रोजी. त्याच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. आपल्या बाजूचे रान त्याने त्या भट्ट्यांत घालून संपवले होते, आणि आता त्याची नजर राईवर होती. दोन गावांच्या शिवेचा दगड राईच्या वर, खिंडीच्या माथ्यावर होता, म्हणजे राई उंबरदऱ्याची. एका पावसाळ्यात वर कुणाचे जाणे झाले नाही. पाऊस उघडल्यावर बघतात तर माथ्यावर दगड नाही. राईच्या खाली, झऱ्याच्या तोंडाशी मात्र एक दगड उभा, शेंदूर फासलेला. खेत्रोजी म्हणाला, हा आमच्या पणज्याने रोवलेला आहे, वेलींनी झाकला होता, आम्ही नुसता साफ केला. शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरायची जुनी रीत होती. दगड हलवणे पाप, म्हणून लोकांनी बाजूने पहार घालून बघितली. पहारेच्या टोकाला कोळसा आला.

दगड खाली सरकला म्हणजे राई घाटमाळाची झाली. राई तुटली की झरा आटणार, आणि झरा आटला की उंबरदरा उठणार. भांडण देशमुखापुढे गेले. त्या काळी या खोऱ्याचे निवाडे तोच करायचा. ढवळ्याने सांगितले की दगड माथ्यावर होता. त्याला दुसरा पुरावा नव्हता. तेव्हा देशमुखाच्या पंचांनी त्याला शीव चालायला सांगितली. शीव चालणे म्हणजे डोक्यावर शिवेच्या मातीचे ढेकूळ घ्यायचे, देवीची शपथ घ्यायची आणि जी शीव खरी मानतो तिच्यावरून सगळ्यांदेखत चालायचे. पंधरा दिवसांत त्याच्या घरी आग, रोग, मरण आले नाही तर तो खरा. आले तर खोटा.

ढवळा माथ्यावरून चालला. ढेकळाचा कणसुद्धा खाली पडला नाही म्हणे.

अकराव्या दिवशी गवत कापताना त्याला घोणस चावली. दिवस मावळायच्या आत तो गेला.

घाटमाळात खेत्रोजीने गूळ वाटला. इकडे उंबरदऱ्यात लोकांनी दारे लावून घेतली. हा माणूस खोटी शीव चालला, देवीने त्याला उचलला, आता त्याला खांदा दिला तर कोप आपल्याही घरात येईल, असे त्यांना वाटले. चार माणसे मिळाली नाहीत. मी असतो तर एकेक दार लाथेने उघडले असते. लुमानेही तेच केले असे सांगतात. दोन दारांना त्याने लाथ मारली, तिसऱ्या दारापाशी त्याचा पाय उठेना. मग त्याने आणि वहिनीने, चांगुणाने, दोघांनीच ढवळ्याला घोंगडीत घालून राईच्या कडेला नेले.

आमच्यात पुरतात. लुमाने एकट्याने खणले, गळ्याइतके. काय खणतो, कुठे टाकतो, याचे त्याला भान नव्हते. भावाला ठेवून त्याने माती लोटली, आणि सगळे झाल्यावर बघितले तर माती उलटी पडलेली. वर मुरूम, तांबडीचे गोळे, सडक्या दगडाचे पापुद्रे. मऊ काळी कुठे तळाला गेली ती गेली. आपल्या भावावर आपण असे खडकाळ पांघरूण घातले, हे त्याला सोसेना. दुसऱ्या दिवशी तो फावडे घेऊन आला आणि वरची माती निवडू लागला. मुरूम वेगळा, तांबडी वेगळी, काळी वेगळी. काळी तांबडीत कालवली होती आणि तांबडी मुरमात. नऊ दिवस तो निवडत होता. बोटांची कातडी गेली.

नवव्या दिवशी चांगुणा भाकरी घेऊन आली. त्याच्याजवळ बसून म्हणाली, "भाऊजी, हे काय तांदूळ हायती निवडाया? एकदा उघडली ती उघडली. आता पानं पडतील, कुजतील, तवा झाकंल. तुमच्या नातवाला झाकलेली दिसंल."

 लुमा भाकरी तशीच टाकून उठला आणि फावड्यासकट धावत सुटला. झऱ्याच्या तोंडाशी, खेत्रोजीच्या दगडापाशी, त्याने पाला बाजूला सारला. खाली काळी नव्हती. तांबडी होती, मुरमाच्या खड्यांसकट. तिथून तो जो पळाला तो देशमुखाच्या सदरेवर जाऊन थांबला, अनवाणी, चिखलाने माखलेला.

सदरेवर खेत्रोजी बसला होता. येत्या पुनवेपासून राईला कुऱ्हाड लावायची, अशी परवानगी घेऊन तो निघायच्या बेतात होता. लुमाने जमीन खणून बघायची मागणी केली तेव्हा खेत्रोजी पंचांकडे बघून म्हणाला, "भाऊ गेला तो ह्याचं डोकंबी संगं घेऊन गेला जनू. देवीनं निवाडा दिला, आता ह्यो मातीला इचारनार."

सदर हसली. देशमुख हसला नाही. म्हातारा माणूस होता. त्याने लुमाचे हात बघितले आणि विचारले, माती काय सांगणार आहे?

लुमा म्हणाला, "सरकार, मानूस खोटं बोलंल. दगड उचलून कुठंबी ठेवता येतो. पर जमिनीचे थर परत लावता येत न्हाईत. म्या नऊ दिस लावून बघितलेत."

 लुमाने तिथेच पण केला की मी खोटा ठरलो तर मी खणेन त्याच खड्ड्यात मला उभा गाडा आणि वर घाटमाळाचा दगड रोवा. देशमुखाने तो पण मान्य केला.

पुनवेच्या आदल्या दिवशी दोन्ही गावे राईत जमली. घाटमाळाची माणसे कुऱ्हाडी घेऊनच आली होती, उद्या परत कशाला चढायचे म्हणून. लुमाने देवीपुढे डोके टेकले आणि चाळीस पावले मोजून, जिथे कधी कुणाचा हात लागला नव्हता, तिथे खणायला घेतले. त्याने कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. पाषाण लागेपर्यंत तो खणत गेला. मग पंचांना एकेक करून खाली उतरवले आणि भिंतीवर हात फिरवायला लावला. पाला, काळी, तांबडी, मुरूम, सडका दगड. ही न उघडलेली जमीन आहे, हिला ओळखून ठेवा, एवढेच तो म्हणाला. तोच हा खड्डा, ज्यासाठी तुम्ही इथवर आलात.

तिथून सगळे खेत्रोजीच्या दगडापाशी गेले. लुमाने दगडाला धक्का न लावता शेजारून खणले. आता पंचांना काही सांगावे लागले नाही. वर तांबडी, तिच्यात मुरूम, काळीचे गोळे खाली कुठेकुठे अडकलेले. आणि तळाशी, कोळशाला चिकटून, ऐनाची पाने. एका पंचाने एक पान उचलून उन्हात धरले. त्याच्या शिरा अजून शाबूत होत्या. पणज्याच्या काळातले म्हणे, आणि पान अजून कुजलेही नव्हते.

खेत्रोजी म्हणाला, घुशी लागल्या असतील. घुशी जमीन उलटीपालटी करतात.

गर्दीतून चांगुणा म्हणाली, "शेंदूरबी घुशींनीच फासला व्हय, पाटील?"

त्या दिवसापर्यंत उंबरदरा मान खाली घालून बसला होता. तो पहिल्यांदा हसला. घाटमाळातलेही दोघेतिघे हसले म्हणतात.

खेत्रोजी तरीही हरला नाही. हा दगड खोटा म्हणता, तर खऱ्या दगडाची जागा दाखवा, असे तो म्हणाला. देशमुखालाही ते पटले. माथ्यावर गेले तर सगळीकडे गुडघाभर पाला, शंभर पावले लांब आणि तेवढाच रुंद. इथे कुठेतरी दगड होता, एवढेच म्हाताऱ्यांना आठवत होते. लुमा एका टोकाला गुडघ्यांवर बसला आणि तळव्यांनी पाला सारत पुढे सरकू लागला. काळी. काळी. काळी. ऊन कलले. लोक बसले, काही उठून जायच्या गोष्टी करू लागले. खेत्रोजीने पानाची चंची काढली. लुमा सरकत होता. आणि हिरड्याच्या एका जुन्या झाडापाशी त्याच्या तळव्याखाली काळीच्या मधोमध सुपाएवढा तांबडा डाग आला.

जिथे तांबडी वर आली, तिथे माणसाचा हात लागला. हे आता सगळ्यांनाच कळत होते. कुणी न सांगता चार माणसे पुढे झाली, उंबरदऱ्याची, दारे लावून बसलेलीच. पण लुमाने त्यांना थांबवले आणि स्वतः उकरले. दगड उपटून भरलेली जागा भुसभुशीत होती. हातभर खाली गेल्यावर एक गाडगे लागले. आत कोळसा. ज्यांनी दगड उपटला, ते इतके खोल गेलेच नव्हते. लुमाने गाडगे उचलायला हात घातला, ते हलेना. भोवतीची माती काढली तेव्हा कळले की हिरड्याची एक मुळी, मनगटाएवढी जाड, गाडग्याच्या एका बाजूने आत शिरली होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली होती. झाडाने ते गाडगे धरून ठेवले होते.

देशमुख स्वतः गुडघ्यांवर बसला. त्याने मुळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "हे गाडगं पुरलं तवा ही मुळी दोऱ्याएवढीबी नसंल. शीव इथंच हाय. ढवळा खरी शीव चालला."

घाटमाळाच्या माणसांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारले, मग देवीने साप का धाडला?

लुमा वळला आणि म्हणाला, "साप चावला तो साप व्हता. निवाडा नव्हता."

मग संबळ वाजू लागला. लोकांनी लुमाला खांद्यावर उचलले. तो हातपाय झाडून खाली उतरला. ज्याला उचलायला हवे होते त्याला तुम्ही उचलले नाही, असे तो म्हणाला असे सांगतात, आणि राईच्या कडेला चालू लागला. मागून सगळा उंबरदरा गेला. दुसऱ्या दिवशी, ज्या पुनवेला राई तुटायची होती त्याच पुनवेला, लोकांनी ढवळ्यावरची कालवलेली माती हलक्या हातांनी काढली आणि जमीन परत लावली. आधी मुरूम, मग चाळून घेतलेली तांबडी. वर काळी. ती पडलेल्या झाडांच्या ढोलीतून आणली, घरटी एक पाटी. ज्या दोन दारांना लुमाने लाथ मारली होती त्या घरांतल्या पाट्या सगळ्यांत आधी आल्या. शेवटी ओंजळीने पाला घातला. नऊ दिवसांत एकट्याला जे जमले नाही ते गावाने एका दिवसात केले.

बाकीचे दोन खड्डे खेत्रोजीला भरायला लावले. पहिला लुमाने भरू दिला नाही. तो साक्षीला राहू द्या, म्हणाला. देशमुखाने घाटमाळावर एकच दंड बसवला. पावसाळ्यात खड्ड्यात जो गाळ येईल तो दरवर्षी त्यांनी उपसायचा आणि भिंती तासून थर स्वच्छ दिसतील असे करायचे.

आजही कोजागिरीच्या आदल्या दिवशी घाटमाळाची माणसे विळे घेऊन येतात. आता तो दंड राहिलेला नाही, मान झाला आहे. कुणी कुठली भिंत तासायची यावरून त्यांच्यात भांडणे होतात. उंबरदरा त्यांना जेवू घालतो. राईवर त्यानंतर कुऱ्हाड पडलेली नाही आणि झरा वैशाखातही वाहतो.

आजही आमच्याकडे माणूस गेला की माती चार ढिगांत काढतात आणि ओळीने परत लावतात. खांद्याला चार नव्हे, सगळे गाव येते, कुणाला बोलवावे लागत नाही. मुरूम मुरमाच्या जागी, तांबडी तांबडीच्या, काळी काळीच्या. शेवटचा पाला धाकटा भाऊ घालतो. गेल्या माघात तो मी घातला. मोठ्या भावाला राईच्या कडेलाच ठेवला आहे, पायवाटेपासून चार हातांवर. एक पाऊस गेला वरून. आता येताना तुम्ही सगळे त्याच्या शेजारून आलात, आणि कुणाला जागा ओळखू आली नाही.