कार्तिकातली निवडणूक

सन १९८६ चा एप्रिल महिना, चैत्राचे ऊन तापू लागलेले. नळाला दोन वेळा पाणी येऊ लागताच देवखिंड नगरपालिकेतील सत्ताधारी आघाडी स्थानिक साप्ताहिकाच्या जनमत कौलात एकदम वर चढली. नगराध्यक्ष आबासाहेब निंबाळे यांनी लगोलग कार्तिकातली निवडणूक पावसाळ्याआधीच उरकण्याचा घाट घातला.

त्यांच्या घरच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ग्रंथपाल वत्सलाबाई टिल्लू गेल्या होत्या. वाचनालयाची जागा पालिकेची, आणि तिचा करार संपत आलेला. सगळ्या बायकांदेखत आबासाहेब म्हणाले, "बाई, गाव तुमचा शब्द मानते. आमची ही चढती टिकेल, एवढे सांगून टाका. करार उद्याच करू."

'टिकेल' म्हणण्यास बाईंचे मन धजेना. 'नाही' म्हणावे तर वाचनालय रस्त्यावर. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"आबासाहेब, तुमच्या अंगणातला आंबा एवढा लगडला आहे. तरी डाळीला कैऱ्या बाजारच्या?"

"घरचा आंबा पिकणार, याची खात्री आहे. मग कच्चा कशाला उतरवायचा?"

"मग कार्तिकातली निवडणूक आत्ताच का उतरवता?"

बायकांत हशा पिकला. "सापडलात," नगराध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. आता माघार कशी घेणार? निवडणूक कार्तिकातच होईल असे आबासाहेबांनी तिथेच जाहीर केले आणि ऐट राखण्यासाठी दुसऱ्या दिवशी करारही केला.

रविवार, ३० नोव्हेंबर रोजी मतमोजणी झाली. आघाडी पडली. त्याच संध्याकाळी आबासाहेब वाचनालयात आले.

"बाई, आंबा गळाला."

"झाड शाबूत आहे, आबासाहेब. बसा," म्हणत बाईंनी खिडकीजवळची खुर्ची पुढे केली.