द्वारका खरात हयात नाही

"तुम्ही मेलात, असं मी लिहिलं? कुठे लिहिलं?"

प्राध्यापक वृंदा कोलते यांचा आवाज चढला होता. दारूबंदीसाठी लढलेल्या बायकांवरचा आपला जाडजूड ग्रंथ नदीकाठच्या मठातल्या अक्कांना भेट द्यायला त्या आल्या होत्या. शाबासकी मिळणारच, ही खात्री होती. विद्वानांना तिची जरा घाईच असते.

अक्कांनी ग्रंथाला हात लावला नाही. मतदारयादीच्या तपासणीची नोटीस पुढे सरकवली.

शाळेच्या दाखल्यावर द्वारका बाबू खरात. रेशनकार्डावर सुलोचना निवृत्ती गाडे. मठाच्या वहीत नुसतंच शांताक्का. तिघी एकच असल्याचा पुरावा सोमवारी आणावा. खाली कुणीतरी हरकत घेतली होती : द्वारका खरात हयात नाही. आधार, प्रा. कोलते यांचा ग्रंथ, पान एकशे बारा.

ते पान वृंदाबाईंना पाठ होतं. 'भट्टी फोडणाऱ्या सात जणींच्या अर्जावर पहिली सही द्वारकेची. पुढे ती कुठेच सापडत नाही. बहुधा तिचा अंत झाला असावा.'



"द्वारका... तुम्ही?"

"सतरा वर्षांची व्हते. भट्टी फोडली आन् महिन्यात बापानं लगीन उरकलं. भट्टीवाल्याची मानसं घर जाळतील म्हणून भ्याला."

अक्कांनी ताटात तांदूळ पसरले. एका बोटाने त्यात लिहिलं, सुलोचना.

"नवऱ्यानं अंगठीनं असं लिव्हलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"वीस वर्षं मी दप्तरं पालथी घातली हो, अक्का!"

"बाप्यांना हुडकतात तसंच हुडकलंत. तिचं लगीन कुठं झालं, हे इचारलंत?"

वृंदाबाईंनी मान खाली घातली. विचारलं नव्हतं.

"आणखी कुणाला आलीय नोटीस?"

"आमच्या आळीत एकोणीस जणींना. समद्या दारं लावून बसल्यात."

"आणि ही हरकत कुणाची?"

"भट्टीवाल्याचा नातू. औंदा इलेक्शनला उभा हाय."

 परवा सत्कारात त्याच्याच हातून वृंदाबाईंनी शाल घेतली होती. हसत हसत त्याने ग्रंथाची एक प्रतही मागून नेली होती.

"सोमवारी या. साहेबापुढं म्हणा, माझं चुकलं."

"तो तिथे असेल, अक्का... मला भीती वाटते."

"मलाबी वाटती."

वृंदाबाईंनी वर पाहिलं.  अक्कांनी ताटातले तांदूळ सारखे केले. नाव गेलं.



"येते मी सोमवारी," वृंदाबाई कशाबशा म्हणाल्या. "पण साहेबांनी माझं ऐकलंच नाही तर?"

"तर मला द्वारका म्हणून हाक मारा, समद्यांसमोर. मी वळते का न्हाई, मलाबी बघायचंय."